शुक्रवारी सुरू होणारा आठवडा

मित्रांनो, जुन्या छत्र्यांची, फुटक्या पाट्यांची रडगाणी तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. मी त्यांच्यातली नाही. मी एक्सेलमधली एक शीट आहे. महाळुंग्यात रबराचे पार्ट बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या डिस्पॅच ऑफिसातल्या कॉम्प्युटरात मी राहते. वय जेमतेम तीन वर्षं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. नाव ‘डिस्पॅच फायनल नवीन दोन’. हसू नका, आमची बारशी अशीच होतात.

माझं काम एकच. माझ्यात तारीख टाकली, की तो वर्षातला कितवा आठवडा हे मी सांगायचं. तो आकडा लेबलवर छापतात आणि लेबल मालाच्या खोक्यावर चिकटवतात. त्यावरून माल कधी बनला ते गिऱ्हाईक कंपनीला कळतं.

मला इफ्फतने बनवलं. इफ्फत शेख, डिस्पॅचची कारकून, कॉन्ट्रॅक्टवरची. तिचे अब्बू बरकतभाई इथेच रस्त्याला टू-व्हीलर दुरुस्त करतात आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. इफ्फत परमनंट झाली, की ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसणार होतं. पोरीच्या डोक्यात रात्रंदिवस तेवढंच.

बनवताना तिने विचारलं, “सर, आठवडा सोमवारपासून धरू ना? गिऱ्हाईक तसाच धरतं.”

जयसिंग साहेब, आमचे मॅनेजर, हातातल्या बिस्किटाकडे बघत म्हणाले, “अगं, आपली सुट्टी गुरुवारची. मग आपला आठवडा शुक्रवारीच सुरू होणार ना? गिऱ्हाईक काय आपल्याकडे नांदायला येतंय?”

तेव्हा स्टोअरचे उद्धवराव तिथेच गठ्ठा मोजत उभे होते. ते हसले. साहेब बोलले की ते हसतातच.

इफ्फतने माझ्यात शुक्रवार घातला. आणि पोरगी हुशार, तिने पहिल्या चौकटीला एक टीप जोडली: ‘आठवडा शुक्रवारपासून, जयसिंग सरांच्या सांगण्यावरून. शुक्रवार ते रविवारचा माल सोमवारच्या आत पाठवू नये.’ टीप जोडली की चौकटीच्या कोपऱ्यात लाल टिकली उमटते. मला ती फार शोभायची. त्या दिवसांतला माल सोमवारपर्यंत थांबला, की गिऱ्हाइकाचाही तोच आठवडा लागायचा आणि कुणाला काही कळायचं नाही. अडीच वर्षं तिने असं निभावलं. साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर आणून म्हणायचे, “हे बघा, आमची सिस्टिम!” मी फुलून जायची. मूर्ख होते.

मग जून उजाडला. सोळा तारखेला, सोमवारी, इफ्फतला परमनंटचं पत्र मिळणार होतं. चौदाला, शनिवारी, गिऱ्हाइकाचा फोन आला, माल आजच हवा. आदल्या दिवशी, शुक्रवारी, बनलेल्या मालाची खोकी तयार होती. त्यांच्यावर मी छापलं होतं पंचवीस. गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरात अजून चोविसावा आठवडाच चालू होता.

“सर, सोमवारी पाठवू,” इफ्फत म्हणाली. “निदान लेबलं तरी बदलू द्या.”

“तुझ्या लेबलासाठी त्यांची लाइन थांबवू? भर गाडी!”

गाडी गेली आणि संध्याकाळी जशीच्या तशी परत आली. पुढच्या आठवड्यात बनलेला माल आज गेटवर कसा, असं त्यांच्या तपासनिसाने विचारलं होतं. खोट्या तारखा टाकता काय? सोमवारी तो स्वतः येणार होता.

सोमवारी इफ्फतच्या आधी साहेब आले. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेलाच असतो. त्यांनी मला उघडलं, पहिल्या चौकटीवर आले, टीप वाचली आणि पुसली. मग सेव्ह केलं. मित्रांनो, मला दुखलं म्हणाल तर नाही. मला दुखत नाही, हेच तर वाईट आहे. माझा हिशोब पूर्वीसारखाच अचूक चालू राहिला.

तपासनीस आला. साहेब त्याच्यासमोर म्हणाले, “कॉन्ट्रॅक्टची पोरगी आहे. मनाला येईल तसं करून ठेवलंय.”

“सर, तुम्हीच शुक्रवार सांगितलात,” इफ्फत म्हणाली. “लिहून ठेवलंय मी.” तिने मला उघडलं. पहिली चौकट कोरी होती. तिने बाजूच्या चौकटी बघितल्या, खालच्या बघितल्या. मग ती वळली. “उद्धवकाका, तुम्ही होतात ना तेव्हा?”

उद्धवरावांची नोकरी दोन वर्षं उरली होती. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “मला काय ठावं न्हाई बाई. मी माल मोजत हुतो.”

तपासनिसाच्या देखत तिचा गेटपास काढून घेतला. डबा उचलायलासुद्धा वेळ दिला नाही, तो वॉचमनने नंतर बाहेर नेऊन दिला. टाइप झालेलं परमनंटचं पत्र साहेबांनी मागच्या कोऱ्या बाजूसाठी ठेवून घेतलं.

मला सुधारायला किती वेळ लागला, माहीत आहे? माझ्या सूत्रात आठवड्याच्या पहिल्या वाराचा एक कोड असतो; शुक्रवारच्या पंधराच्या जागी सोमवारचा एकवीस टाकला. एवढंच. आता मी गिऱ्हाइकासारखाच आठवडा मोजते आणि साहेब पाहुण्यांना पुन्हा माझ्यासमोर आणतात. परवा उद्धवराव चहा पिताना सांगत होते, बरकतभाई हल्ली पाना हाताने चाचपून शोधतात. उद्धवरावांनी बशी पालथी घातली आणि गेले.

जुन्या वस्तू जपा, असं माझ्या जागी दुसरं कुणी म्हणालं असतं. मला नका जपू. तोंडी हुकूम लिहून घ्या, आणि लिहिलेल्याची एक प्रत साहेबाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

इफ्फतच्या खुर्चीवर आता निशिगंधा बसते. लातूरकडची, कॉन्ट्रॅक्टवरची. काल साहेब तिला म्हणाले, “गुरुवारी ओव्हरटाइमला बनलेला माल बुधवारच्या तारखेत टाकत जा.”

“बरं सर,” ती म्हणाली. ते गेल्यावर पोरीने शहाणपणा केला, माझ्या पहिल्याच चौकटीला टीप जोडली: ‘साहेबांच्या सांगण्यावरून.’ कोपऱ्यात लाल टिकली उमटली.

प्रत काढ गं बाई, प्रत काढ. तिने सेव्ह केलं, मला बंद केलं आणि डबा घेऊन जेवायला गेली.