कडेला अंश, पोटात मीटर

मी नकाशा बोलतोय. ताठ मानेनं बोलायची माझी सवय होती. आता ती राहिली नाही.

लोडवार नावाच्या दुष्काळी गावातल्या एका लहानशा पाणी-संस्थेत असेकॉन नावाच्या मुलीनं संगणकावर ओळीमागून ओळ लिहून मला घडवलं. गोल पृथ्वी कागदावर सपाट केली. त्यामुळं माझ्या पोटातलं सगळं माप मीटरचं होतं: कोरडी नदी, झोपड्या, आणि गोडं पाणी लागेल तो लाल ठिपका. पण कडेला कोणते आकडे छापायचे, हे तिनं सांगितलंच नाही. न सांगितलं तर संगणक आपल्या सवयीनं अक्षांश-रेखांशाचे अंश छापतो. तसे त्यानं छापले. मी देखणा दिसत होतो. तिनं तेवढ्यावर समाधान मानलं, आणि मीही.

बोअर पाडणाऱ्या टोळीचा मुकादम लोक्वावी मला घेऊन नापेयोक आजीच्या वस्तीवर आला. बोअरवाल्यांच्या हातातलं जागा दाखवणारं जीपीएस कायम मीटरवर लावलेलं. त्यानं मला गाडीच्या बॉनेटवर पसरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायला अर्धा दिवस लागावा. त्यात ठिपका नेमका कुठं? फोनला रेंज नव्हती. तो नदीच्या रेघेपासून बोटानं मापू लागला.

"एवढं मोठं यंत्र आणलंस, नि जागा बोटानं शोधतोस होय रे?" आजी म्हणाली.

"बोट माझं आहे, आजी. आकडे या कागदाचे. मुके आहेत मेले."

"मग बोलका कागद आणायचास! आमच्या पोरी पाण्यापायी उन्हात करपल्या."

बोअर नदीच्या भलत्याच अंगाला पडला. पाणी लागलं. बायका पिवळे कॅन घेऊन धावल्या. आजीनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. खारट! माझ्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

मग असेकॉन स्वतः आली. माझ्या कडेवरून तिनं हात फिरवला आणि मान खाली घातली.

"आजी, एक ओळ लिहायची राहिली माझी."

"तुझ्या एका ओळीसाठी आम्ही आणखी एक उन्हाळा चालायचं?"

असेकॉन तशीच लोडवारला निघाली. परत जाऊन तिनं ती ओळ लिहिली. नव्या नकाशाच्या कडेला मीटर आहेत, रेघाही जवळजवळ आहेत. मी जुना, आजीच्या चुलीशेजारी पडून राहिलो.

नकाशे काढणाऱ्यांनो, ज्याच्या हाती कागद जाणार, त्याचं यंत्र कोणत्या मापानं मोजतं, ते छापण्याआधी विचारा.

आज टोळी नवा नकाशा घेऊन परत येतेय. त्यांच्या चहासाठी आजी चूल फुंकतेय, पण वाऱ्यानं ती पेटत नाही. आजी, मी कोरडा आहे. मला चुलीत सरकव.