बोल्टावरची लाल रेघ

मिस्त्रींचा एक नियम साऱ्या गल्लीला तोंडपाठ होता: ग्रीस न लावता बोल्ट बसवतो तो गाढव. आलेलं गिऱ्हाईक तो ऐकल्याशिवाय सुटायचं नाही. आज मात्र बायकोच्याच जुन्या गाडीखाली ते उताणे पडले होते, आणि काढलेल्या चाकामागचा सस्पेन्शनचा बोल्ट काही केल्या बाहेर येत नव्हता.

नट निघाला होता. पण बोल्ट धक्के झेलणाऱ्या रबरी बुशाच्या लोखंडी नळीत गंजून बसलेला. पाना लावला की जरा फिरायचा, सोडला की रबर त्याला पुन्हा जागेवर आणायचं. रुसलेल्या जावयासारखं चाललं होतं.

"कुठल्या गाढवानं बसवलाय कोण जाणे," मिस्त्री खालून पुटपुटले. "राहू दे. भंगारवाल्याला बोलावतो संध्याकाळी."

बाई शेजारी स्टुलावर दिवा धरून बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी अंगणात उभी होती. आता कुठे डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिली होती, आणि उद्या त्यांना थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. ताई अंथरुणाला खिळलेली, फोनवर रोज एकच विचारायची, "कधी येतेस गं?" बसच्या पायऱ्या बाईंना चढवत नव्हत्या. गाडी भंगारात गेली की ताईची भेटही गेली.

बाई हातोडीचा आवाज ऐकत होत्या. अख्खा संसार याच आवाजात झालेला. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. आज हातोडी बाळाला थोपटावं तशी पडत होती. लोखंड कापायचा कटर तर खुंटीवरून हललाच नव्हता.

"अहो, कटर का नाही घेत?"

"बघू."

हा 'बघू' बाई ओळखून होत्या. त्यात बघण्याचा काही संबंध नसायचा. त्यांनी रॉकेलचं फडकं उचललं आणि बोल्टाचं डोकं खसाखसा पुसलं. काळ्या थराखालून लाल रेघ वर आली.

आवळलेला बोल्ट पुढे कधी सैल होऊन फिरला तर कळावं म्हणून मिस्त्री त्यावर रंगाची रेघ ओढत. पण हा दुकानातल्या डबीतला रंग नव्हता.

"ही माझी नेलपॉलिश," बाई म्हणाल्या.

हातोडी थांबली.

"बाटली वन्संनीच नेली असं समजून मी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. आता सांगा, गाढव कोण?"

मिस्त्री हळूहळू बाहेर सरकले आणि जमिनीवरच बसून राहिले. "तू पहिल्यांदा एकटी लांब निघालीस ना, त्याच्या आदल्या दिवशी बसवला. वाटेत काही झालं तर, एवढंच डोक्यात. आवळला, परत आवळला. तुझी पॉलिश तेलानं जात नाही म्हणून ती लावली. ग्रीसचं भानच राहिलं नाही." मग खाली बघून म्हणाले, "आजही तेच. तुझा गुडघा असा. हा निघूच नये असं वाटतंय मला."

बाईंना राग आला. पण त्याहून जास्त माया दाटून आली, आणि दोन्ही लपवायला त्यांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला.

"तेव्हा परत आले होते की नाही?"

"आलीस."

"मग उठा. कटर घ्या."

मग मिस्त्री मिस्त्रींसारखे कामाला लागले. ठिणग्या उडाल्या, बोल्टाचे तुकडे झाले, नवा बुश बसला. नव्या बोल्टाला इतकं ग्रीस फासलं की बाईंना हसू आवरेना. त्या घरात जाऊन नेलपॉलिशची बाटली घेऊन आल्या.

"घ्या. या वेळी मागून घेतलीत असं समजू."

मिस्त्रींनी ब्रश नव्या बोल्टावर टेकवला. रेघ वाकडी आली.

सकाळी बाई निघाल्या तेव्हा मिस्त्री दारात घुटमळत होते. "मी येऊ का सोबत?"

"नको. घरी कोणी वाट बघत असलं की मी गाडी नीट चालवते."

दिवसभर मिस्त्रींनी एकाही पान्याला हात लावला नाही. दिवेलागणीला गाडी अंगणात वळली, आणि हे गृहस्थ बोल्ट पुसायचं फडकं घेऊन धावत जाऊन थेट चाकाशी वाकले. रेघ तसूभरही हलली नव्हती.

"अहो, मी इकडे आहे," बाई काच खाली करून म्हणाल्या.

मिस्त्री लगेच उठले नाहीत. डोळे पुसायला फडकं हातात होतं, पण त्याला रॉकेल लागलेलं होतं.