आखूड श्वास

शेखा नबवियांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा इन्शिराह दुसऱ्याच दिवशी जाऊन छातीचा एक्स-रे काढून आली. डॉक्टरने फिल्म उजेडात धरली आणि तो हसला. "हाजा, ही फुप्फुसं नव्हेत, लोहाराचा भाता आहे. श्वास कमी पडतो असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

तिने फिल्म पिशवीत घातली. गुरूची तक्रार डॉक्टरकडे करायची नसते.

सांगितलं होतं शेखांनीच. इजिप्तमधल्या तांता शहरातल्या शेखा नबविया ऐंशी ओलांडलेल्या, आणि कुराणपठणात त्यांचा कान म्हणजे सोनाराचा काटा. त्यांच्याकडून इजाजा मिळवायची इन्शिराहची जिद्द होती. इजाजा म्हणजे गुरूची साक्ष: हिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत माझ्यासमोर म्हटलं, मी ते माझ्या कानांनी ऐकलं, आता हिने दुसऱ्यांना शिकवावं. मुलांची लग्नं उरकल्यावर पन्नाशीत तिने हे आरंभलं. आपल्या दुम्यात गावाहून तांत्याला बसने जाऊन अर्धं कुराण तिने शेखांच्या अंगणात बसून म्हटलं. मग शेखांचं कंबरेचं हाड मोडलं आणि वर्ग फोनच्या पडद्यावर आला. उरलेलं अर्धं शेखांनी नाक मुरडत चालवून घेतलं, पण साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा त्या अडून बसल्या.

"मद्द गिळतेस तू," त्या म्हणाल्या. मद्द म्हणजे लांबवायचा स्वर. काही ठिकाणी तो सहा मात्रा धरायचा असतो, एकेका मात्रेला एकेक बोट दुमडत. "सहाच्या जागी तीन. आजकालच्या बायकांना दमच उरला नाही. सगळा दम नवऱ्याशी भांडण्यात जातो."

वर्गातल्या बायकांचंही शेखांबद्दल एक मत होतं. शेखांचा स्वरसुद्धा आताशा मध्येच तुटतो, वयच झालं बिचारीचं, असं त्या एकमेकींना खासगीत सांगत आणि चुकचुकत. तोंडावर बोलायची कुणाची छाती होती?

त्या मंगळवारी वर्ग नेहमीसारखाच सुरू झाला, म्हणजे गोंधळात. एकीने येऊन सलाम केला. सलामाला उत्तर देणं प्रत्येकीचं कर्तव्य, म्हणून झाडून सगळ्यांनी आपापला माइक उघडला. तेवढ्यात दुसरी आली, तिचा सलाम. दोन बहिणी एकाच खोलीत दोन फोन घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या फोनांनी एकमेकांना ऐकून किंकाळी फोडली. शेखा ओरडल्या, "अगं, मनात उत्तर द्या! अल्ला मनातलंही ऐकतो, त्याला माइक लागत नाही!"

मग रशीद गावच्या उम्म वदीअची, म्हणजे वदीअच्या आईची, पाळी आली. ती बिचारी दोनदा नापास झालेली. तिने मद्द धरला. इन्शिराह पडद्याकडे बघत होती. स्वर तिसऱ्या मात्रेला विरला. पण उम्म वदीअचं तोंड उघडंच होतं, गळ्याची शीर ताठ होती, आणि तिचं चौथं बोट दुमडत होतं. मग पाचवं.

"तीन!" शेखा म्हणाल्या. "कुठे गेला दम?"

इन्शिराहने फोन डोळ्यांजवळ आणला. ज्या बाईचा श्वास संपला ती बोटं कशाला दुमडेल?

वर्ग संपताच तिने सुनेला, नहलाला, फोन देऊन गच्चीवर पिटाळलं आणि स्वतः खाली खोलीत दुसऱ्या फोनवर मद्द धरला, पुरा सहा मात्रांचा. नहला जिन्यातूनच ओरडत आली. "सासूबाई, सुरुवातीला येतो, मग कुणी बोळा कोंबल्यासारखा बंद!"

"मी थांबले नव्हते."

"ठाऊक आहे. तुमचा आवाज जिन्यातून येत होता, फोनमधून नाही."

नहलाने फोन उलटापालटा करून शेवटी एक खूण दाखवली. मागचा गोंगाट दाबण्याची सोय. सगळ्यांच्याच फोनमध्ये ती आपोआप चालू असते. एकसारखा लांब आवाज आला की यंत्राला वाटतं पंखा फिरतोय, आणि ते तो पुसून टाकतं.

"माझा मद्द म्हणजे पंखा?" इन्शिराह भडकली. "जळ्ळं मेलं ते यंत्र! दोन वर्षं मी पंखा?"

"बंद करते. पण मग खालची करवतही ऐकू जाईल."

खाली नवऱ्याची, हाज बयूमीची, फर्निचरची कार्यशाळा होती. शेजारी दुसरी, समोर तिसरी. दुम्यातच्या त्या गल्लीत करवत थांबली तर लोक विचारतात, कोण गेलं? शिवाय आता यंत्राला दोष द्यायचा तर पुरावा स्वच्छ हवा होता, नाहीतर शेखा म्हणाल्या असत्या, नाचता येईना अंगण वाकडं. इन्शिराहने शेखांकडे दुसऱ्या दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतरची वेळ मागून घेतली. मग बाह्या सरसावून ती खाली उतरली.

"गुरुवारी लग्न आहे त्या पोरीचं, पलंग द्यायचाय," बयूमी भुशाच्या ढगातून म्हणाला. "रफीकच्या आई, करवत बंद केली तर नवरानवरी जमिनीवर झोपतील."

"झोपू देत. आपण नव्हतो झोपलो?"

कारागीर खो खो हसले. बयूमी कानापर्यंत लाल झाला आणि त्याने करवतीचा खटका खाली ओढला. "उद्या अस्रनंतर. पण शेजाऱ्यांचं मला सांगू नकोस."

शेजाऱ्यांचं तिने स्वतःच पाहिलं. एकेका दारात गेली. कुणी म्हणालं, तुझा शब्द डोळ्यांवर, हाजा, आमच्यासाठी दुआ कर. एकाने कुरकुर केली, त्याला तिने मशब्बकचं ताट कबूल केलं. गोडाला दुम्यातचा माणूस नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी अस्रनंतर गल्ली अशी शांत झाली की मांजराचं पाऊल ऐकू यावं. फोनवर सगळ्या बायका होत्या. नहलाने फोनमधली ती सोय बंद केली आणि इन्शिराहने मद्द धरला. स्वर सरळ गेला, सहाव्या मात्रेपर्यंत.

शेखा पडद्याजवळ सरकल्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या.

तिने पुन्हा म्हटलं. मग सारं सांगितलं. फोनने काय केलं, उम्म वदीअची बोटं कशी चालू होती, सगळं. एक गोष्ट मात्र उरली होती. गुरूला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण आता मागे फिरली तर इथवर आल्याचा उपयोग काय?

"शेखा, माफ करा. तुमचाही स्वर आम्हाला फोनवर तुटूनच येतो. पहिल्या दिवसापासून."



"आणि तुम्ही सगळ्या काय समजलात?" शेखांनी विचारलं.

एकीचाही माइक उघडला नाही.

"म्हातारी दमली, असं?" शेखा म्हणाल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या, आणि डोळे पुसत होत्या. "मी तुमची कीव करत होते, आणि तुम्ही माझी! चल पोरी, सांग, कुठे दाबायचं या हरामखोराला."

इन्शिराहने एकेक खूण सांगितली. शेखांनी दोनदा फोनच बंद पाडला, एकदा कॅमेरा छताकडे वळवला. मग त्यांनी म्हटलं. अंगणातला तो जुना स्वर, भरलेला, न डगमगणारा, आला आणि येतच राहिला. बायका रडत होत्या आणि कुणी लपवत नव्हतं.

"उम्म वदीअ," शेखा म्हणाल्या, "तुझा मी अपराध केला. मला माफ कर." मग त्यांनी इन्शिराहकडे पाहिलं. "आणि तुझी इजाजा."

इन्शिराह पुढे सरकली.

"देता येत नाही मला. फोनवरचं अर्धं कुराण मी पुरतं ऐकलंच नाही. जे माझ्या कानांनी ऐकलं नाही, त्याची अल्लासमोर साक्ष कशी देऊ? अंगणात जिथे थांबलो होतो, तिथून पुन्हा म्हणावं लागेल. माझं वय तुला माहीत आहे. पुरेन की नाही, सांगता येत नाही."

दोन वर्षं. सगळी वाया. खाली गल्लीत कारागीर करवती सुरू करायला कुणाच्या तरी इशाऱ्याची वाट बघत उभे होते. ती उठून खिडकीपाशी गेली.

"हाज!" तिने खाली हाक मारली. "आणखी थोडा वेळ!"

मग फोनसमोर परत बसली, पाठ ताठ केली आणि अंगणात सोडलेल्या ओळीपासून म्हणायला लागली.