टेप उलटेपर्यंत

"हा तर तुझाच आवाज झाला, मावशी," भाची म्हणाली. "मला आईचा हवाय."

मी पुन्हा प्रयत्न केला. घसा साफ केला, ताई बालवर्गातल्या पोरांना बोलवायची तशी ठसक्यात हाक मारून बघितली, "ए चिमण्यांनो, आत या पाहू!" गॅसवरचं दूध उतू जायचं तेवढं गेलं, पण आवाज माझाच निघाला, शिवणयंत्रावर बसून बसून बसलेला. भाचीनं गॅस बंद केला. मग ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "मला तो आठवतच नाही गं. आईचे हात आठवतात, चालणं आठवतं. आवाज म्हटला की काही म्हणजे काहीच येत नाही."

भावजी टेबलापाशी बसले होते. ते उठले आणि बाहेरच्या खोलीत गेले.

ताई माझी थोरली बहीण. आवाज असा खणखणीत, की तिसऱ्या मजल्यावरून मला हाक मारली तर रस्त्यावरची अनोळखी माणसं वर बघायची. आणि नेमका तिच्याच घशात रोग निघाला. भाची तेव्हा जेमतेम चालती-बोलती होती. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. पुढची सगळी वर्षं ताई चुटक्या वाजवून, डोळे वटारून, टेबलावर थापा मारून संसार करत राहिली. भांडायचीसुद्धा तशीच, आणि जिंकायची. गेल्या वर्षी ती गेली. आवाज गेला तो काळ साध्या फोनचा, त्यामुळे त्यात काही नाही. लग्नाच्या व्हिडिओवर त्या शहाण्या फोटोग्राफरनं आरंभापासून शेवटपर्यंत व्हायोलिनं चढवून ठेवलीत. ताई त्यात तोंड उघडते आणि व्हायोलिन वाजतं.

आणि हे सगळं कुठल्या घरात? ज्या घरात भिंतभर कॅसेटी आहेत! भावजी लिफ्ट दुरुस्त करायचे, पण ती पोटापुरती गोष्ट. खरं काम हे. मोठमोठ्या कार्यक्रमांना जायचं, गर्दीत उभं राहायचं, टोपीत माईक लपवायचा आणि सगळं गुपचूप टेप करून आणायचं. अशी वेडी माणसं जगभर आहेत म्हणे. एकमेकांना टेपा पाठवतात, कुणाची साफ, कुणाची खरखरीत यावर तासन्‌तास वाद घालतात. मला मेलीला त्यातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी मला राहवलं नाही. मी बाहेरच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "भावजी, दुनियेतल्या यच्चयावत गवयांचे आवाज सांभाळलेत तुम्ही. बायकोचा तेवढा राहिला!"

बोलले आणि जीभ चावली.  भावजी भिंतीकडे बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, "स्टेडियमवाल्या टेपच्या वेळी ती माझ्याबरोबर होती."

ती स्टेडियमवाली टेप म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई. तो प्रसिद्ध रॉक बँड, ज्याचं नाव काढलं की म्हातारीकोतारी माणसंही अजून केस मागे सारतात, तो आमच्या शहरात एकदाच आला होता. नंतर वर्षभरात त्यांच्यातला एक गेला आणि बँडच मोडला. सगळं स्टेडियम माणसांनी भरलेलं, आणि त्या गर्दीत उभं राहून भावजींनी केलेली टेप आजही नावाजलेली आहे. लांबलांबचे लोक त्यांना लिहितात. का? तर त्यात आसपासच्या कुणाचा चकार शब्द ऐकू येत नाही. जणू काही गवई यांच्या एकट्यासाठी गातायत.

आता त्याचं कारण ऐका. टेप करणाऱ्यांचा एक नियम असतो. माईकच्या आसपास बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, गायचं तर मुळीच नाही. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. टेपरेकॉर्डर तिनंच आत नेला, पोटाशी ओढणीनं बांधून, कारण दारावर बायकांना तपासत नव्हते. त्या बँडची सगळी गाणी तिला तोंडपाठ. भावजींना गाण्यापेक्षा टेपची काळजी जास्त. सबंध स्टेडियम गळा फाडून गात होतं आणि माझी बहीण, जिला कपडे वाळत घालतानासुद्धा गप्प राहता यायचं नाही, ती नवऱ्याच्या टेपसाठी ओठ मिटून उभी होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कसा झाला गं कार्यक्रम?" तर म्हणाली, "छान झाला. गाल दुखतायत नुसते. तोंड दाबून धरलं होतं ना!" आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

मी तसं टोचून बोलले, त्या दिवसापासून भावजी रोज ती टेप ऐकायला लागले. हेडफोन लावून, डोळे मिटून. एखादा श्वास, एखादी खाकरणी तरी सापडेल या आशेनं. मी दुकान बंद करून डबा घेऊन जायची तर माणूस तसाच बसलेला.

"सापडलं काही?"

"काही नाही." हेडफोन गळ्यात ओढून ते म्हणायचे, "फार साफ आहे टेप."

आयुष्यभर जे वाक्य ऐकायला त्यांनी जिवाचं रान केलं, ते आता स्वतःच्या तोंडून असं यायचं. मला त्यांचा राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण ते वाक्य ऐकलं की डबा उघडून मुकाट्यानं वाढायची.

मग एका रविवारी त्यांचा सकाळीच फोन. "ये लवकर. एक जागा आहे."

गेले तर भाचीही येऊन बसली होती. भावजींनी आम्हाला समजावलं. कॅसेटला दोन बाजू असतात. एक बाजू भरली की ती बाहेर काढून, उलटून, पुन्हा घालावी लागते. कितीही हात चलाख असला तरी तेवढा वेळ टेप बंदच. त्यांची पहिली बाजू एका संथ गाण्याच्या मध्येच संपली. त्या गाण्याचा तुकडा त्यांच्या टेपमध्ये नाही, आणि त्याची हळहळ त्यांनी इतकी वर्षं केली.

"तेवढा वेळ टेप बंद होती," ते म्हणाले. "तेवढा वेळ तिला बोलायला मोकळीक होती. ती बोलली होती काहीतरी. मी अंधारात कॅसेट चाचपत होतो, माझं लक्ष नव्हतं. पण ती बोलली होती, एवढं नक्की."

"पण टेपच बंद होती तर मिळणार कुठून, बाबा?" भाचीनं विचारलं.

"माझी बंद होती. गर्दीत मी एकटाच थोडाच होतो?"

त्यांनी आपल्या त्या टेपवाल्या मंडळींना विचारून ठेवलं होतं. डाव्या अंगाच्या दिव्याच्या खांबाजवळ त्या दिवशी आणखी कोण उभं होतं? परगावच्या एका दातांच्या डॉक्टरांचं उत्तर आलं. ते तिथेच होते, त्यांनीही टेप केली होती. त्यांनी ती कॉम्प्युटरवर पाठवली होती आणि भावजी आमची वाट बघत थांबले होते. एकट्यानं ऐकायचं धाडस झालं नसावं.

त्यांनी लावलं. संथ गाणं सुरू झालं. भावजींनी बोट वर केलं, म्हणजे इथे आपली टेप थांबली. आम्ही तिघं टेबलावर वाकलो. गाणारा गात राहिला, मागे गिटार. दुसरं काहीही नाही. भावजींनी बोट खाली घेतलं. गाणं पुढे चालूच होतं.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आम्हाला ऐकू येईल असा. "डॉक्टर, टेप उत्तम आहे. एक विचारायचं होतं. ते मधलं संथ गाणं, त्यात शेजारी कुणी बोलल्याचं काही..."

"अहो, होती ना एक बाई!" डॉक्टर एकदम खुशीत आले. "ऐन शांत जागेवर तोंड उघडलं तिनं. इतकी वर्षं माझी टेप नासवून ठेवली होती. आता कॉम्प्युटरवर नवीन सोय आली आहे ना, चार रविवार बसलो आणि तिला मुळापासून काढून टाकली. कळतसुद्धा नाही, बघा!"

"नाही," भावजी म्हणाले. "कळत नाही."

मी फोन ओढून घेतला. "डॉक्टर, दाढ आहे का ती, मुळापासून काढायला? माझी बहीण आहे ती! गेलेली बहीण!"

 डॉक्टरांचा आवाज खाली आला, "माफ करा. मला खरंच... आधीची प्रत मी पुसून टाकली हो, जागा व्हावी म्हणून. पण मूळ कॅसेट असेल. कुठल्यातरी खोक्यात असेल. मी शोधतो."

त्यानंतरच्या दिवसांत आम्हा तिघांत कुणी कुणाशी धड बोललं नाही. फोन वाजला की भाची धावायची आणि कुणीतरी भलतंच असायचं. मी एका बाईच्या पँटची एक बाजू आखूड शिवली आणि वर तिलाच बोलले. शेवटी डॉक्टरांचा फोन आला. कॅसेट सापडली होती. फीत जुनी झाली आहे, चिकटायला लागली आहे, आपण हात लावणार नाही, तुम्हीच या, असं म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. भावजींनी आपलं यंत्र बरोबर घेतलं होतं, मांडीवर ठेवून. सगळ्या प्रवासात त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

दवाखान्याला सुट्टी होती. बाहेरच्या खोलीत पेशंटच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या दाताचं चित्र. डॉक्टर उंच, टक्कल पडलेले, आमच्याकडे बघायला संकोचत होते. त्यांनी कॅसेट स्वच्छ रुमालात गुंडाळून ठेवली होती. ती बघितल्यावर मात्र त्यांना बोलायला मी जे जे मनात घोकून आणलं होतं, ते कुठल्याकुठे गेलं.

भावजींनी कॅसेट खिडकीपाशी नेऊन पाहिली. पेन्सिल घालून फीत हातानं सैल केली, पुढे घेतली, मागे घेतली. एकदाच वाजली तरी दुसरीकडे उतरून राहील अशी तजवीज केली. हात लिफ्टच्या तारांवर चालायचे तसे शांत चालत होते. मग म्हणाले, "लावतो," आणि बटण दाबलं.

खरखर. लांबून गाणं. माणसांचा कल्लोळ, कुणाची शिट्टी. मग संथ गाणं सुरू झालं आणि सगळं स्टेडियम निवलं. आणि अगदी जवळून, खट्. भावजींचं यंत्र थांबल्याचा आवाज. तो त्यांनी ओळखला. आणि त्या खट्‌वरच,

"अगं बाई गं! काय गातोय हो हा, काय गातोय! अहो, काटा आला माझ्या अंगावर, बघा तरी!"

ताई. माझी ताई! पुढची ओळ तिनं गवयाबरोबर गायली, सुरात न सुरात, पण अशी काही मोकळ्या गळ्यानं की खोलीतल्या त्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा भरल्यासारख्या वाटल्या. मग हसली. मग आवाज खाली आणून, लाडात येऊन म्हणाली, "अहो, ऐका ना. एक सांगायचंय तुम्हाला..."

"शू! चालू करतोय," भावजींचा तरणा आवाज.

"बरं बरं. मग सांगते."

पुन्हा खट्. आणि मग नुसतं गाणं.

भाचीनं दोन्ही हात तोंडावर धरले होते. "ही आई?" तिनं मला विचारलं. मी मान हलवली.  "केवढी लहान वाटते गं!"

"तुझ्याएवढीच होती तेव्हा," मी म्हटलं.

भाचीनं उतरवून घेतलेलं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. अगं बाई गं, काय गातोय. हसू यायचं तिला त्या जागी, आणि डोळ्यांतून पाणीही चाललेलं. मग तिनं ते थांबवलं आणि साधंच विचारलं, "मग काय सांगितलं तिनं, बाबा? नंतर?"

भावजी चष्मा काढून बसले होते. ते आठवायला लागले. आम्हाला दिसत होतं, माणूस त्या संध्याकाळभर मागे फिरून येतोय, स्टेडियमच्या दारापर्यंत, बसपर्यंत, घराच्या जिन्यापर्यंत. 

"घरी गेल्यावर मी लगेच टेप ऐकायला बसलो," ते म्हणाले. "ती झोपली असेल. मी विचारलंच नाही."

"काही नसेल हो तसं," मी म्हटलं. "तहान लागली असेल. चप्पल चावत असेल. ताईला काय, सांगायला काहीही पुरायचं." ज्या माणसाला वर्षभर टोचून बोलले, त्याच्यापुढे मी खोटं हसत होते. राग शोधला तर सापडेना. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नसावं.

डॉक्टर इतका वेळ दाराशी उभे होते. त्यांनाही काहीतरी चांगलं बोलावंसं वाटत असणार. "खरं सांगू का," ते म्हणाले, "त्यानंतर त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत. एवढी टेप बाकी आहे पुढे, सगळी ऐकलीय मी. एवढं बोलणारी बाई अशी एकदम गप्प झाली, मला वाटलं निघून गेल्या असतील."

"नाही हो," भावजी म्हणाले. "होती ती. माझ्या शेजारीच उभी होती. शेवटपर्यंत."