साखरबाईची गोधडी

घरात खरूज शिरली, तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मलम सगळ्यांनी एकाच दिवशी मानेपासून तळपायापर्यंत लावा आणि अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धुवा. हौसरावांनी मलम लावलं. पाठीला हात पुरेना, तिथं मुलानं लावून दिलं. पण धुण्याच्या वेळी त्यांनी एक गोधडी ट्रंकेत लपवली. त्यांच्या बायकोनं, साखरबाईनं ती आपल्या जुन्या लुगड्यांची शिवली होती. ती वारली तरी गोधडीला तिचा वास होता. त्याच रात्री त्यांनी गोधडी काढून पुन्हा पांघरली.

महिन्याभरात खाज परत आली. हौसरावांच्या कुशीत निजणाऱ्या नातीनं बोटांच्या बेचक्या खाजवून रक्त काढलं.

"डॉक्टरच बोगस हाय," सून स्नेहल म्हणाली.

हौसराव उठले आणि गोधडी घेऊन आले.

"आबा, ही धुवायची राह्यली व्हती व्हय?"

"राह्यली न्हाई. म्या ठिवली व्हती."

स्नेहलनं चुलीवर पाणी ठेवलं. उकळी आल्यावर हौसरावांनी गोधडी एकदा तोंडाशी धरली आणि स्वतःच पाण्यात सोडली.

संध्याकाळी वाळलेल्या गोधडीला नुसता साबणाचा वास येत होता. सगळ्यांनी पुन्हा मलम लावल्यावर त्यांनी ती नातीच्या अंगावर घातली.