चार टोकांच्या टेबलाचा घेर

सकाळपासून तिसऱ्यांदा उत्तर शून्य आलं, तेव्हा सरांनी कागदाचा बोळा करून भिरकावला. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाने टेबलाचा घेर शून्य काढावा!

टेबल समोरच होतं, लेकीच्या वर्कशॉपमध्ये. चार अणकुचीदार टोकं, मधल्या चारही कडा आत वळलेल्या. मध्यापासून टोक पंचेचाळीस सेंटिमीटर. कडेला लावायला गिऱ्हाइकाला हवी होती तशी पितळी पट्टी दोनशे बहात्तर सेंटिमीटर उरली होती, आणि ती आता बनत नव्हती. पुरली तरच काम घ्यायचं. बारापर्यंत कळवायचं होतं. दोऱ्याने मोजावं, तर ताणला की दोरा वळण सोडून सरळ उडी मारायचा.

"बाबा, झालं का? की शून्यच सांगू गिऱ्हाइकाला?"

"सांग! म्हणावं, बाप कामातून गेलाय."

चौथ्या कागदावर त्यांचं पेन अडलं. ते सूत्राने चारही बाजूंची पूर्ण फेरी एका दमात मोजत होते. दोन बाजू अधिक येत होत्या, दोन उणे, आणि एकमेकींना खाऊन टाकत होत्या. लांबी कधी उणे असते का? याच चुकीवर त्यांनी किती पोरांना वर्गाबाहेर काढलं होतं! चरफडत त्यांनी एकाच बाजूची लांबी काढली. साडेसदुसष्ट. चौपट दोनशे सत्तर.

"पुरते! दोन सेंटिमीटर उरतात!"

लेकीचा चेहरा पडला. "मग नाही पुरत, बाबा. टोकावर पट्टी वळवली की तुटते. चार तुकडे करायचे, आणि प्रत्येकाला दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर जास्त, घासून जोडायला. आठ हवेत."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

सर मटकन स्टुलावर बसले. लेक टेबलाभोवती एक चक्कर मारून आली. मग पेन्सिलने चारही टोकांजवळ तिने आडवी रेघ ओढली. "सेंटिमीटरभर टोक उडवलं की दोन्ही बाजू तेवढ्याच कमी होतात. आठ वाचले. विचारते त्यांना."

फोनवर गिऱ्हाइक चटकन हो म्हणालं. टोक पोरांच्या डोळ्यात जाईल याची त्यांनाही धास्तीच होती.

"अगं, मग ती आकृती ती आकृतीच राहत नाही! मी सकाळपासून काय काढत बसलो?"

"दोनशे सत्तर कळलं, म्हणून तर किती उडवायचं ते कळलं."

सरांना ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच राग आला. पहिल्या टोकावर करवत टेकली, तशी त्यांनी मान फिरवली.

"निदान चारही सारखी उडव," ते भिंतीकडे बघत कुरकुरले.