रोझमेरीचं पाणी

सुगत अमरावतीला स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये गणित शिकवायचा. तो फळ्याकडे वळला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची, कारण टाळूवर केस उरले नव्हते. वय एकतीस आणि लग्न व्हायचं होतं. मुलीकडच्यांना पाठवायच्या प्रत्येक फोटोत तो टोपी घालून उभा असे.

मग मोबाइलवर त्याला रोझमेरीच्या पाण्याचा शोध लागला. रोज डोक्याला मारा, जंगल उगवेल! नर्सरीवाल्यानं झुडूप देताना बजावलं, "सर, हे कोरड्या खडकावरचं झाड आहे. बारा महिने हिरवं राह्यते, निळी फुलं येतात. फक्त लाड करू नका."

सुगतनं ते अकोल्याला, जठारपेठेतल्या घराच्या गच्चीवर ठेवलं. दर रविवारी घरी आला की तो पाला उकळायचा. एक बाटली सोबत न्यायचा, एक फ्रिजमध्ये ठेवायचा.

"डोक्यावर फवारणी करून राहिला," टपाल खात्यातून निवृत्त झालेले वडील मोतीराम म्हणाले.

"तुमच्याच खानदानाची देन हाय ते," आई जाईबाईंनी त्यांना गप्प केलं.

मे महिन्यात चांदूर रेल्वेहून पाहुणे घर पाहायला आले. ज्योत्स्ना सरकारी दवाखान्यात नर्स होती. आपलं स्थळ आपणच पाहणार म्हणून तीही वडील नागसेनराव यांच्यासोबत आली होती. जयभीम झाला. घामाघूम झालेल्या नागसेनरावांना आधी काहीतरी थंड हवं होतं. मदतीला आलेल्या शेजारच्या दुर्गाबाईंनी फ्रिजमधली पिवळसर पाण्याची बाटली सरबताची समजून काढली, साखर घातली, लिंबू पिळलं आणि ग्लास बाहेर नेले.

नागसेनरावांनी एका दमात ग्लास संपवला. "वा! वाळ्याचं सरबत काय?"

"वाळ्याचंच," दुर्गाबाई ठामपणे म्हणाल्या.

"आणखी द्या मंग."

सुगतचा चेहरा उतरला. ज्योत्स्नानं घोटभर घेतलं, ग्लास हुंगला आणि म्हणाली, "आपण गच्चीवर बोलू का?"

वर जाताच ती म्हणाली, "माह्या बाबाले डोक्याचं पाणी पाजलं तुमी."

"तुमाले कसं कळलं?"

तिनं वेणी पुढे घेतली. ती उंदराच्या शेपटीएवढी होती. "चार महिन्यांपासून मीही तेच मारून राहिली. उशी तेवढी सुगंधी झाली."

सुगतनं टोपी काढली. "मंग हेही पाहून घ्या."

"ते फोटोतच समजलं होतं. एवढ्या उकाड्यात घरात टोपी कोण घालते?"

दोघंही इतके हसले की खालून जाईबाईंनी, काय झालं म्हणून हाक मारली. खाली येऊन ज्योत्स्नानं होकार दिला, तेव्हा नागसेनराव तिसरा ग्लास मागत होते.

लग्न जुळल्याची बातमी गल्लीत दुर्गाबाईंनीच पोचवली. "म्या माह्या हातानं पाजलं! दोन ग्लास पोटात गेले अन् पाह्यता पाह्यता होकार." त्यांच्या मुलाला, गोवर्धनला, स्वतःचं दुकान असूनही मुलगी मिळत नव्हती. ते पाणी गच्चीवरच्या झाडाचं हे जाईबाईंकडून कळताच, दुसऱ्या दिवशी त्या एक फांदी घेऊन गेल्या. मग लग्नाच्या मुलांच्या आया रांगेनं येऊ लागल्या. केसांचं कोणी नावही काढलं नाही. एकीनं दोन मुलांसाठी दोन डहाळ्या मोडल्या. फुकट कसं न्यायचं म्हणून प्रत्येक जण कुंडीत तांब्याभर पाणी ओतून जाई. जाईबाई अभिमानानं जिना दाखवत.

महिनाभरात झुडपाचं खोड काळं पडलं, मुळं सडली. सुगत रविवारी बोडक्या डोक्यानं गच्चीवर गेला, तेव्हा दुर्गाबाई ते दोन्ही हातांनी उपटत होत्या.

"काकू, मेलं ते."

"मेलं तर मेलं. उद्या मूर्तिजापूरचे पाहुणे येऊन राहिले. मुळंच उकळून पाजते," त्या म्हणाल्या. "पिशवी हाय काय एखादी?"

सुगतनं पिशवी आणून दिली.